ओपन स्पेसचा उतारा

२०२२ च्या फेब्रुवारीतली सकाळ होती. दूध तापवताना स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला दिसले, की आमच्या कॉलनीच्या ओपन स्पेसमध्ये, म्हणजे सामायिक मोकळ्या जागेत, दोन माणसे दोरी ताणून फक्की टाकत आहेत. मुलांसाठी क्रिकेटची खेळपट्टी आखली जात असावी असे प्रथम वाटले. परंतु पट्टा काटकोनात वळला, एक चौकोन पूर्ण झाला आणि त्याला लागून दुसरा सुरू झाला, तेव्हा गॅस बंद करून मी तशीच बाहेर गेले. त्या दोघांपैकी वयस्कर गृहस्थांनी अगदी नम्रपणे सांगितले, "ताई, शेठने हे दोन प्लॉट आम्हाला दिले आहेत. खुणा करून लगेच जातो." त्यांच्याजवळ इसार पावती होती आणि मागितली नसतानाही त्यांनी ती दाखवली. भाजीच्या आडतीचा व्यवसाय करणारे ते गृहस्थ होते, आणि आपण विकत घेत असलेली जागा विकताच येत नाही, याची त्यांना कल्पनाही नव्हती. खरे सांगायचे तर त्या क्षणी ती मलाही नव्हती. ही जागा सगळ्यांची आहे एवढे मला माहीत होते, पण हे कोणत्या कागदावर लिहिलेले आहे असे कोणी विचारले असते तर मला उत्तर देता आले नसते.

आमची वसाहत जळगाव शहराच्या पश्चिमेला, पिंप्राळ्याच्या पलीकडे, गिरणेच्या बाजूला, एका ग्रामपंचायतीच्या हद्दीत आहे. २००८ पर्यंत येथे कपाशीचे वावर होते. एक हेक्टर साठ आर क्षेत्राचा तो गट बिनशेती झाला, शेठनी त्यात ४८ प्लॉट पाडले, आणि सुरतेला कामाला गेलेल्या, भुसावळला रेल्वेत असलेल्या, अमळनेर आणि पारोळा तालुक्यांतून जळगावात नोकरीला आलेल्या माणसांनी ते हप्त्याहप्त्याने घेतले. आम्ही २००९ मध्ये प्लॉट घेतला आणि २०१४ मध्ये घर बांधले. काळ्या मातीत मुरूम लागेपर्यंत पाया खोदताना जेवढा पैसा जमिनीखाली गेला, तेवढ्यात गावाकडे आमच्या सासऱ्यांनी अख्खे घर उभे केले होते. त्या फेब्रुवारीत ४८ पैकी २१ प्लॉटवर घरे होती. बाकीचे बखळ पडलेले. त्यांत रिंगणी, गाजरगवत आणि पावसाळ्यात साचणारे पाणी. रस्ते कागदावर नऊ मीटरचे, प्रत्यक्षात मुरमाचे. ग्रामपंचायतीचे पाणी चौथ्या-पाचव्या दिवशी येई आणि उन्हाळ्यात टँकर. सगळ्या कॉलनीला मोकळा श्वास घेता येईल अशी जागा एकच होती, ती म्हणजे सोळाशे चौरस मीटरचे ओपन स्पेस आणि त्याच्या कडेला, वावर होते तेव्हापासून उभा असलेला एक निंब.

त्याच संध्याकाळी निंबाखाली चौदा माणसे जमली. शेठला घरी जाऊन जाब विचारावा असे काहींचे मत पडले, मोठा फलक लावावा असे काहींचे. एका तरुणाने ठामपणे सांगितले, की उद्याच मंदिराचा चौथरा बांधून टाकू, म्हणजे जागेला हात लावायची कोणाची छाती होणार नाही. हा उपाय आपल्याकडे फार लोकप्रिय आहे. आजूबाजूच्या निम्म्या कॉलन्यांतले ओपन स्पेस अशाच रीतीने वाचले आहेत असे म्हणतात. मात्र वाचल्यानंतर त्यांत मुलांना पळायला जागा किती उरली हे पाहायला सहसा कोणी जात नाही. टाळ्या त्याच सूचनेला पडल्या. तेवढ्यात भुसावळहून रेल्वेतून निवृत्त झालेले, सगळी कॉलनी ज्यांना नाना म्हणते ते गृहस्थ, खाली मान घालून तंबाखू मळता मळता म्हणाले, "पण उतारा कोणाच्या नावावर आहे?"

कोणालाच सांगता येईना. एका मुलाने तिथल्या तिथे मोबाईलवरून पंधरा रुपये भरून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा काढला. लेआऊट मंजूर झाल्यावर भूमी अभिलेख कार्यालयाकडून कमी-जास्त पत्रक होते, ज्याला सगळे क.जा.प. म्हणतात, आणि त्यानंतर प्रत्येक प्लॉटचा सातबारा वेगळा होतो. आपापला सातबारा आम्ही सर्वांनी जपून ठेवला होता. परंतु रस्त्याचा आणि ओपन स्पेसचाही वेगळा सातबारा असतो, हे आमच्यापैकी नाना सोडून कोणाच्या ध्यानातही आले नव्हते. त्या सातबाऱ्यावर भोगवटादार म्हणून शेठचेच नाव होते. इतकी वर्षे आमची मुले ज्या जागेत खेळली ती जागा कागदोपत्री एका माणसाची होती, आणि तो माणूस ती विकायला निघाला होता.

नाना आणि मी, असे दोघे कागदांच्या मागे लागलो ते असे. नानांना वेळ होता आणि मला लिहिण्याची सवय होती. जिल्हा परिषदेच्या शाळेत तेवीस वर्षे काढलेल्या बाईला मुले शिकवण्यापेक्षा माहितीचे तक्ते भरण्याचा सराव अधिक असतो, हे मी विनोदाने सांगत नाही.

पहिला अर्ज माहितीच्या अधिकाराचा होता. दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून आम्ही बिनशेती आदेशाची आणि मंजूर रेखांकनाची प्रत मागितली. तीस दिवसांची मुदत संपायला दोन दिवस असताना उत्तर आले, की संचिका अभिलेख कक्षात आहे, शोध घेऊन कळवण्यात येईल. पुढे आणखी तीन आठवडे गेले. नाना दर सोमवारी जात, तिथल्या कर्मचाऱ्यांच्या घरची खुशाली विचारीत आणि परत येत. माझ्या मते अर्जापेक्षा त्या खुशालीचाच परिणाम जास्त झाला. अखेर पाठपोट अकरा पानांचा आदेश आणि चौपदरी घडीचा नकाशा आमच्या हाती पडला. आदेशाच्या शर्तींमध्ये स्वच्छ नमूद होते, की एकूण क्षेत्राच्या दहा टक्के खुली जागा सर्व भूखंडधारकांच्या सामायिक वापरासाठी राहील, तिचे विभाजन करता येणार नाही आणि तिची विक्रीही करता येणार नाही. नकाशावर ती जागा हिरव्या रंगाने भरलेली होती. मी तो हिरवा आयत कितीतरी वेळ पाहत बसले.

शर्त आमच्या बाजूने होती. पण ती शर्त मोडली अशी तक्रार करणारे "आम्ही" म्हणजे कायद्याच्या दृष्टीने कोण, हा प्रश्न शिल्लक राहिला. एकेकट्या प्लॉटधारकाने अर्ज करता येतो, आणि आम्ही तो केलाही. पण उद्या शेठने जागा द्यायचे कबूल केले तर ती घेणार कोण, आणि खरेदीखतावर सही कोणाची, याचे उत्तर "निंबाखाली जमलेली चौदा माणसे" असे देता येत नाही. ज्या वकिलांना आम्ही भेटलो त्यांनी दोनच वाक्ये सांगितली आणि फी घेतली नाही. पहिले, जागा मागायची असेल तर आधी संस्था करा. दुसरे, संस्था झाल्यावर आपापसांत भांडू नका. पहिले वाक्य आम्ही ऐकले.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० खाली प्लॉटधारकांची गृहनिर्माण संस्था नोंदवायची असे ठरले. त्यासाठी एकूण प्लॉटधारकांपैकी किमान ५१ टक्के माणसे हवीत. ४८ चे ५१ टक्के म्हणजे हिशेबाने पंचवीस. घरे होती एकवीस, आणि त्या एकवीसमध्येही दोघांनी सही द्यायला नकार दिला. एक जण शेठचा मावसभाऊ होता. त्याची अडचण मला समजत होती. दुसरा तोच मंदिरवाला तरुण. "ताई, आधी देव बसू द्या, मग सही," असे तो म्हणाला आणि वर्षभर त्या शब्दावर राहिला. त्यामुळे हातात राहिल्या एकोणीस. शेठच्या स्वतःच्या नावावर अजून चार प्लॉट विकायचे बाकी होते, म्हणजे तेही गेले. राहिलेले तेवीस मालक कुठे आहेत हे कोणाला माहीत नव्हते.

ही माणसे शोधण्याचे काम या सगळ्या प्रक्रियेतले सर्वांत लांबलेले आणि, आता मागे वळून पाहताना वाटते, सर्वांत आनंदाचे काम होते. सातबाऱ्यावर नाव मिळते, पत्ता मिळत नाही. दुय्यम निबंधक कार्यालयातून खरेदीच्या नोंदींच्या, म्हणजे सूची क्रमांक दोनच्या, नकला काढल्या, तर त्यांवरचे पत्ते तेरा वर्षांपूर्वीच्या भाड्याच्या खोल्यांचे निघाले. मग नानांनी खान्देशी मार्ग धरला. आडनावावरून गाव काढायचे, गावावरून भाऊबंद, भाऊबंदांवरून सोयरे. पारोळ्याच्या बाजूच्या एका मालकाचा फोन नंबर आम्हाला धरणगावच्या एका लग्नात, मुलीच्या मामेसासऱ्यांकडून मिळाला. एक मालक सैन्यात होता आणि त्याची आई चोपड्याला राहत होती. तिने मुलाच्या सुटीची तारीख सांगितली आणि त्या दिवशी या, मी भाकरी टाकते, असेही सांगितले. तेवीसपैकी नऊ जण सुरतेला निघाले.

मे महिन्यात, आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाल्यानंतर, नाना, त्यांच्या पत्नी आणि मी सुरतेला गेलो. जळगावहून निघालेली गाडी अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार करीत जाते, आणि पुढे नवापूर येते, जिथल्या फलाटाचा एक भाग महाराष्ट्रात आणि दुसरा गुजरातमध्ये आहे. नाना खिडकीतून दाखवू लागले, की इथपर्यंत आपला उतारा, इथून पुढे त्यांचा. त्या दिवसांत आमच्या बोलण्यात उताऱ्याशिवाय दुसरा विषयच नसे.

उधना आणि लिंबायत भागात जाणाऱ्या माणसाला आपण खान्देश सोडून आलो असे वाटत नाही. दुकानांच्या पाट्या गुजरातीत, पण ओट्यावर बसलेल्या बायकांची बोली अहिराणी. आमच्या यादीतले पहिले गृहस्थ यंत्रमागाच्या कारखान्यात रात्रपाळीला होते. दुपारी दोनला आम्ही पोचलो तेव्हा ते झोपलेले होते आणि त्यांच्या पत्नीने त्यांना उठवू की नको अशा संकोचात आम्हाला आधी पाणी दिले. दहा बाय बाराची खोली, तीत पाच माणसे. देवाच्या फोटोशेजारी भिंतीवर प्लास्टिकमध्ये मढवलेला एक कागद टांगलेला होता. तो त्यांच्या प्लॉटचा सातबारा होता. भिशी उचलून, बायकोचे डोरले मोडून त्यांनी २०१० मध्ये तो प्लॉट घेतला होता आणि त्यानंतर फक्त दोनदा पाहिला होता. डोळे चोळत उठून बसल्यावर आमचे सगळे बोलणे त्यांनी शांतपणे ऐकले, आणि पहिला प्रश्न विचारला तो संस्थेबद्दल नव्हता. "आपला प्लॉट अजून तिथेच आहे ना?" असे त्यांनी विचारले.

माझ्या मोबाईलमध्ये कॉलनीचे फोटो होते. त्यांच्या प्लॉटचा वेगळा फोटो नव्हता. पण एका फोटोत माझ्या पुतण्याच्या सायकलीमागे तो रिंगणीने भरलेला तुकडा थोडासा दिसत होता. त्यांनी तो बोटांनी मोठा करून पाहिला, बायकोला दाखवला, मुलीला दाखवला. नंतर "सही कुठे करू?" असे विचारले. प्लॉट दोघांच्या नावावर असल्याने त्यांच्या पत्नीचीही सही हवी होती; त्यांना लिहिता येत नव्हते, म्हणून अंगठा घेतला आणि शेजारच्या बाईंना साक्षीदार केले. त्या शेजारीण बाई शिरपूरकडच्या. आम्ही आभार मानू लागलो तर त्या म्हणाल्या, "गावनी ताई उनी, मंग सही काबर नही करसूत?" त्यांचा आमच्या कॉलनीत प्लॉट नव्हता, त्यांच्या दृष्टीने जळगावहून आलेले कोणीही गावचेच होते.

दोन दिवसांत नऊपैकी सात सह्या मिळाल्या. आठव्याने आपला प्लॉट मुलीच्या लग्नात विकल्याचे सांगितले, पण नवीन मालकाचे नाव सातबाऱ्यावर अजून चढलेले नव्हते. नववे गृहस्थ सापडले नाहीत. पुढे पुण्या-नाशिकच्या तिघांनी आणि सुटीवर आलेल्या सैनिकाने सही केली. एकूण तीस झाल्या.

येथे एक कबुली द्यायला हवी. संस्थेचे नाव ठरवण्यासाठी मी जी सभा बोलावली ती ऑगस्टमधल्या एका रविवारी, आणि त्या सभेला नाना, मी आणि नगरहून बदलून आलेले एक बँक कर्मचारी एवढेच हजर होते. मला राग आला होता. संध्याकाळी यजमानांनी आठवण करून दिली, की नागपंचमीनंतरचा हा पहिला रविवार, म्हणजे खान्देशातल्या कानबाई देवीच्या सणाचा. कॉलनीतली निम्मी घरे आपापल्या गावी, भाऊबंदांत, रोट करायला गेलेली होती. आमच्या कुळात कानबाई थोरल्या दिरांकडे बसते आणि त्या वर्षी सासूबाईंचे सुतक असल्याने आम्ही गेलो नव्हतो, म्हणून माझ्या ध्यानातून ते सुटले. रोट घराबाहेर द्यायचे नसतात, भाऊबंदकीतच संपवायचे असतात, आणि घरातल्या पुरुषांच्या नावाने मूठ मोजून दळण करायचे असते; जो माणूस तिथे जाणार नाही त्याची मूठ कोण मोजणार? आमच्या या नव्या वसाहतीत प्रत्येक घराला पत्ता असला, तरी आखाजीला, कानबाईला, पोळ्याला ती ओस पडते, हे मला त्या रविवारी समजले. पुढच्या सगळ्या सभांच्या तारखा मी पंचांग पाहून ठरवल्या.

नावावरून व्हायचा तो वाद झालाच. तीन पर्याय द्यावे लागतात, कारण आधी त्याच नावाची संस्था असेल तर नाव मिळत नाही. देवांची नावे सुचवली गेली, थोर पुरुषांची सुचवली गेली, आणि प्रत्येक नावामागे कोणाची ना कोणाची जात उभी आहे असे दुसऱ्याला वाटू लागले. शेवटी आडनावाचा आणि समाजाचा प्रश्नच येऊ नये म्हणून त्या निंबाचे नाव पुढे आले आणि सगळ्यांनी ते दमलेल्या आवाजात मान्य केले.

त्यानंतरचा भाग कंटाळवाणा असला तरी सरळ होता. मी मुख्य प्रवर्तक झाले. नाव आरक्षित झाल्याचे आणि बँकेत खाते उघडण्यास परवानगी असल्याचे पत्र मिळाले, नियोजित संस्थेच्या नावाने खाते उघडले, प्रत्येकी पन्नास रुपयांचे दहा भाग आणि शंभर रुपये प्रवेश फी असे सहाशे रुपये तीस जणांकडून जमा केले. सुरतेच्या मंडळींनी ते मोबाईलवरून पाठवले आणि एकाने चुकून सहाशेऐवजी सहा हजार पाठवले. ते परत करण्यासाठी खाते नियोजित संस्थेचे असल्याने बँकेत तीन फेऱ्या झाल्या. अडीच हजार रुपये नोंदणी फी चलनाने भरली. नमुना अ, ब, क, ड, प्रत्येकाच्या खरेदीखताची नक्कल, प्रतिज्ञापत्रे, उपविधींच्या प्रती असा प्रस्ताव दाखल केला, आणि तो दोनदा त्रुटी काढून परत आला. पहिली त्रुटी न्याय्य होती. दुसरी अशी, की एका सभासदाच्या आधारकार्डावर वडिलांचे नाव दगडू आणि खरेदीखतावर दगा असे होते. आमच्या भागात एकाच माणसाची ही दोन्ही नावे असू शकतात, हे प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यावे लागले. नोव्हेंबरमध्ये नोंदणी प्रमाणपत्र मिळाले.

नोंदणीपासून तीन महिन्यांत पहिली सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. उपस्थितीची धास्ती मनात होतीच, म्हणून सभा जानेवारीत ठेवून तिला भरिताची जोड दिली. असोद्याकडून चाळीस किलो वांगी आणली, शेजारच्या वावरातून कपाशीच्या काड्या आणल्या आणि त्याच ओपन स्पेसमध्ये, फक्कीचे पट्टे अजून पुसट दिसत होते त्या जागी, जाळ केला. कळण्याच्या भाकऱ्या घराघरांतून आल्या. बखळ प्लॉटचे मालक भुसावळ, एरंडोल आणि चोपड्याहून बायका-मुलांसह आले, आणि त्यांपैकी काहींनी आपला प्लॉट नेमका कोणता हे त्या दिवशी प्रथमच पावलांनी मोजून पाहिले. हंगामी समितीची निवड वीस मिनिटांत झाली. सही न देणारा तरुण सभेला नव्हता. मात्र वांगी भाजायला सकाळपासून तोच होता, कारण काड्यांवर वांगे न करपवता भाजणे कॉलनीत दुसऱ्या कोणाला जमत नाही.

संस्था झाल्यावर शेठशी बोलणे बदलले. आदेशाच्या प्रतीसह संस्थेने तक्रार केली, तहसील कार्यालयातून त्यांना नोटीस गेली, आणि भाजीच्या आडतवाल्या गृहस्थांनी हे सारे पाहून आपला इसार परत मागितला. त्यांना तो पूर्ण मिळायला सहा महिने लागले असे पुढे कळले. शेठ स्वतः माझ्या घरी आले तेव्हा चहा घेता घेता म्हणाले, "ताई, आधीच सांगितले असते तर मी दिली नसती का जागा?" मी काही बोलले नाही. त्यांचे चार प्लॉट अजून विकायचे होते, आणि तंट्यातल्या लेआऊटमधला प्लॉट कोणी घेत नाही, हे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणाला कळणार होते? त्यांनी संस्थेच्या नावे खुल्या जागेचा दस्त करून देण्याचे मान्य केले. अट एकच, की नोंदणीचा आणि मुद्रांकाचा खर्च संस्थेने करावा, आणि आधी मोजणी करून हद्द कायम करावी.

मोजणीची अट शेठनी घातली, तिच्यामागचे कारण मला दोन महिन्यांनी समजले.

उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्याकडे मोजणी फी भरली, लगतच्या धारकांना नोटिसा निघाल्या, आणि चैत्रातल्या एका सकाळी, ऊन तापायच्या आत म्हणून साडेसहालाच, भूकरमापक यंत्र घेऊन आले. नाना छत्री धरून त्यांच्या मागे, मी नकाशा धरून नानांच्या मागे. उत्तरेची हद्द बरोबर निघाली. पूर्वेची निघाली. पश्चिमेला, जिकडे माझे घर आहे, तिकडे भूकरमापकांनी दोनदा वाचन घेतले, तिसऱ्यांदा घेतले, आणि मग माझ्या कंपाऊंडच्या भिंतीच्या आत, मोगऱ्याच्या आळ्यालगत बोट दाखवून म्हणाले, "खुणेचा खुंट इथे येतो, मॅडम."

सव्वा मीटर रुंद आणि नऊ मीटर लांब एवढी ओपन स्पेसची जागा माझ्या अंगणात होती. २०१४ मध्ये भिंत घालताना मिस्त्रीने म्हटले होते, "ताई, तिकडे ओपन स्पेसच आहे, कोण विचारतो, तेवढे ओढून घ्या." मी ओढून घेतले होते, आणि इतकी वर्षे गेली की ते ओढून घेतलेले आहे हेही विसरले होते. त्या पट्ट्यात मोगरा होता, सांडपाण्याचा शोषखड्डा होता आणि धुण्याचा मोठा काळा दगड होता. पश्चिमेच्या ओळीतल्या आणखी तीन घरांचेही थोडे थोडे आत आलेले निघाले. पण ज्या बाईने चौदा महिने ओपन स्पेससाठी अर्ज लिहिले तिचे सर्वांत जास्त होते. शेठ त्या सकाळी आले नव्हते, आणि येण्याची गरजही नव्हती.

नानांनी माझ्याकडे पाहिले नाही, हे त्यांचे मोठेपण. ते भूकरमापकांना म्हणाले, "जिथे येतो तिथेच ठोका साहेब." खुंट ठोकला गेला. पंधरा दिवसांनी मोजणीची क प्रत मिळाली, तीत माझी भिंत तुटक रेषेने अतिक्रमण म्हणून दाखवलेली होती. यजमानांचे मत असे, की दस्त आधी होऊ द्यावा, भिंतीचे पुढे पाहू. शेजारच्या तिघांचेही तेच मत होते, आणि माझ्याही मनात दोन रात्री तोच विचार चालला होता, हे लपवण्यात अर्थ नाही. शोषखड्डा हलवायचा म्हणजे तीस-पस्तीस हजारांचा खर्च, आणि मोगरा जगण्याची शाश्वती नाही. तिसऱ्या दिवशी मी मिस्त्रीला बोलावले. तोच मिस्त्री होता. भिंत पाडायची आहे असे म्हटल्यावर त्याने, कुठली, असे विचारले. आणि दाखवल्यावर त्याने आपली टोपी काढून उगाचच झटकली. माझी भिंत पडल्यानंतर आठवड्याने दुसरी पडली, महिन्याने तिसरी. चौथी अजून उभी आहे. तिच्या मालकांशी समितीचा पत्रव्यवहार सुरू आहे.

जूनमध्ये दस्त नोंदवला गेला. तलाठ्यांकडे फेरफाराचा अर्ज दिला, हरकतींसाठी पंधरा दिवसांची नोटीस लागली. ते पंधरा दिवस मी मोजून काढले. हरकत आली नाही. जुलैत मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद प्रमाणित केली आणि नानांच्या मोबाईलवर, पुन्हा पंधरा रुपये भरून, आम्ही सातबारा काढला. भोगवटादार सदरात संस्थेचे नाव आले होते. शेठच्या नावाला कंस पडला होता, म्हणजे ते कमी झाले होते. नानांनी तो उतारा सुरतेच्या त्या यंत्रमागवाल्या गृहस्थांना पाठवला. त्यांचे उत्तर रात्री पावणेबाराला आले, बहुधा पाळीवर असतानाच: "आपला आहे का हा?"

वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेरच्या आत घ्यायची असते. ती आम्ही शेवटच्या रविवारी, गणपती बसलेले असतानाच, निंबाखाली पत्र्याच्या शेडमध्ये घेतली. मंदिराचा ठराव त्या तरुणाने, आता सहाशे रुपये भरून सभासद झाल्यावर, रीतसर मांडला. दीड तास चर्चा झाली, आवाज चढले, आणि खुल्या जागेच्या थोड्याच भागावर बांधकाम करता येते या नियमाचा आधार घेऊन निर्णय पुढच्या सभेवर ढकलला. तो पुढच्या सभेतही ढकलला जाईल असा माझा अंदाज आहे. पावसाळ्यापूर्वी रस्त्यावर मुरूम टाकण्याचा खर्च मंजूर झाला, पथदिव्यांसाठी ग्रामपंचायतीला पत्र द्यायचे ठरले, आणि हिशेब तपासनिसांनी सुचवल्याप्रमाणे डेडस्टॉक रजिस्टर घालायचे ठरले.

ते मीच घातले. संस्थेच्या मालकीचे काय काय आहे याची यादी करायला बसले तर दोन सतरंज्या, एक ध्वनिक्षेपक, आठ खुर्च्या आणि एक फावडे एवढेच निघाले. तेवढ्यात नाना म्हणाले, की एक वस्तू राहिली. भिंत पाडली तेव्हा मोगरा मी नव्या अंगणात आणला होता आणि तो जगलाही. पण धुण्याचा काळा दगड चार माणसांना हलेना, म्हणून तो जिथे होता तिथेच, म्हणजे आता ओपन स्पेसमध्ये, पडून राहिला होता. संध्याकाळी निंबाची सावली त्यावर येते, आणि शाळेतून नातवंडांना घेऊन येणाऱ्या बायका त्यावर टेकतात. मी रजिस्टरमध्ये पाचवा अनुक्रमांक घातला आणि त्यापुढे लिहिले: दगड, काळा, नग एक, किंमत निरंक, कोठून प्राप्त, प्लॉट क्रमांक सतरा.